शरयूजिजींचे लांबचे नातेवाईक

आमच्या घरी शरयूजिजींच्या आधी त्यांचं पुस्तक आलं, आणि ते आईला मुळीच आवडलं नाही.

संक्रांतीचे दिवस होते. आई देवासला टेकडीखालच्या गल्लीत काही घरांची भांडी घासते. त्यातल्याच एका घराशेजारी हळदीकुंकू होतं आणि कपबश्या धुवायला माणूस हवं होतं, म्हणून तिला बोलावलं. काम झाल्यावर त्या घरच्या बाईंनी तिला मोरीवरून उठवून बाहेर आणलं, इतर बायकांच्या रांगेत सतरंजीवर बसवलं, हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि वाण म्हणून हातात एक पुस्तक ठेवलं. आई घरी आली ती कुरकुरतच.

"सगळीकडे डबे देतात, गाळण्या देतात. मागच्या साली शिंदेबाईंनी स्टीलची वाटी दिली होती. हे काय वाण झालं? यात काय पीठ भरता येतं?"

बाबा लोडिंग ऑटो चालवतात. ते नुकतेच येऊन पाय धूत होते. म्हणाले, "रूपाला देऊन टाक. कॉलेजात तर तीच जाऊन राहिली आहे."

असं ते पुस्तक माझ्याकडे आलं. इंग्रजी होतं. जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर, आत कडुनिंबाचं वाळलेलं पान, आणि पहिल्या पानावर पेनानं लिहिलेलं नाव : शरयू आगाशे. मी पहिली ओळ वाचली. अर्धी समजली. पुस्तक मिटून मी ते टीव्हीवर ठेवून दिलं.

तेव्हा मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि कॉलेज सोडायच्या विचारात होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. इंग्रजी साहित्य का घेतलं, असं कुणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही. मला वाटलं होतं, इंग्रजी विषय घेतला की इंग्रजी येतं. वर्गात मॅडम बोलायच्या, मुली माना हलवायच्या, मीही हलवायची. मी हिंदी माध्यमात शिकले. घरी आमची मराठी अशी, निम्मी मराठी, निम्मी मालवी. मराठी पुस्तक वाचतानासुद्धा मला ओळीखाली बोट ठेवावं लागायचं, मग इंग्रजीचं काय सांगू! खातेगावच्या मामांनी एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाचं बोलून ठेवलं होतं. होळीपर्यंत त्यांना उत्तर द्यायचं होतं. उत्तर काय द्यायचं ते मनात जवळजवळ ठरलं होतं. फक्त ते आईला सांगायचा धीर होत नव्हता, कारण मी कॉलेजात जाते हे ती कामाच्या प्रत्येक घरी सांगून आली होती.

आगाशे हे नाव मी कॉलेजात ऐकलं होतं. मोठ्या वर्गांना इंग्रजी शिकवणाऱ्या आगाशे मॅडम त्याच. कॉलेज सोडायचंच आहे तर निदान पुस्तक परत करावं, म्हणून मी स्टाफरूमच्या दारात गेले.

"वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम."

"मग परत कशाला आणलंस? पुस्तक परत आणायचं नसतं, वाचून आणायचं असतं." मग चष्मा वर करून माझ्याकडे नीट बघितलं. "सुमनची मुलगी का गं तू? डोळे तिचेच आहेत. शनिवारी घरी ये."

माझ्या आईला नावानं ओळखणारी कॉलेजातली ती पहिली व्यक्ती.

मॅडम ठेंगण्या होत्या. पिकलेली एकच वेणी, सुती पातळ, मनगटावर वडिलांचं जुनं मोठं घड्याळ. लग्न केलं नव्हतं. गल्लीत त्यांना सगळे शरयूजिजी, म्हणजे शरयूताई, म्हणत आणि पुढे मीही जिजीच म्हणू लागले. त्यांचं घराणं पूर्वी धारच्या दरबारात कारकुनीत होतं. त्यामुळे घरात त्या जुन्या वळणाचं, नाकातून आल्यासारखं मराठी बोलत, "आलें हो", "बसलें आहें". आणि दारात भाजीवाला आला की त्याच तोंडानं, "कई भाव दिया रे मेथी? कालेज का भाव मती बता, मोहल्ला का भाव बता." खांद्यावरच्या पिशवीत नेहमी दोन पुस्तकं असायची. एक स्वतः वाचायचं, एक कुणी भेटलंच तर द्यायचं.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतभर पुस्तकं होती आणि ती जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय लेखक-लेखिकांची होती. अमेरिकेतले, आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या देशांतले, बेटांवरचे, लंडनला जाऊन राहिलेले. 'कृष्णवर्णीय' हा शब्द जिजींना आवडत नसे. म्हणायच्या, तो वर्तमानपत्राचा शब्द आहे, घरात नको. घरात त्यांनी सगळ्यांशी नाती लावली होती.

"ही आमची शिकागोची आक्का. तोंडाची फटकळ, पण मनानं चांगली. हे नायजेरियाचे भाऊसाहेब. फार बोलतात, पण एक शब्द खोटा नाही. आणि ही जमैकाची माई. हिच्याकडे गेलं की जेवल्याशिवाय सोडत नाही."

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, यांचे खरेच कुणी तिकडे राहतात. कुरियरवाला पाकीट घेऊन आला की त्या आतूनच ओरडायच्या, "पाहुणे आले गं, चहा टाक!" आणि खरंच चहा व्हायचा. नवं पुस्तक बशीशेजारी ठेवलं जायचं, आणि जिजी त्याचं पहिलं पान मोठ्यानं वाचायच्या. इंग्रजी एक वाक्य, मग तेच मराठीत, आणि मराठीत नाही जमलं तर मालवीत. मालवीत सगळं जमायचं. बेटावरच्या म्हाताऱ्या जिजींच्या तोंडून मालवीत भांडायला लागल्या की त्या बेटावरच्या न वाटता आमच्या नळावरच्या वाटायच्या.

गल्लीत लोक हसायचे. समोरच्या किराणा दुकानातले भिया एकदा हळूच मला म्हणाले, "मॅडमच्या घरी काळी पुस्तकं आहेत म्हणतात. जादूटोणा तर नाही ना?" कॉलेजात जरा शिकलेल्या भाषेत तेच. एक सहकारी बाई स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "शरयूताई, इतकं काळ्यांचं वाचता, एक दिवस तुमचाही रंग उतरेल बरं."

जिजी पोह्यांवर शेव घालत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तुम्ही वीस-पंचवीस वर्षं गोऱ्यांची पुस्तकं शिकवताय. तुम्ही कां नाही उजळलात?"

हा किस्सा शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना पाठ होता.

हे नातं जुळलं कसं, ते जिजी कुणीही विचारलं की सांगत, आणि न विचारलं तरी सांगत. नोकरीच्या सुरुवातीला त्या एकदा इंदूरहून घरी धारला निघाल्या होत्या. बसमध्ये वाचायला म्हणून फुटपाथवरून एक जुनं पुस्तक घेतलं. त्याला कव्हरच नव्हतं. कुणी लिहिलंय, कुठलं आहे, काही पत्ता नाही.

"पहिल्याच पानावर एक बाई अंगणात लेकीचे केस विंचरत बसलेली. लेक ओरडतेय, आई म्हणतेय, हलू नकोस, हललीस की जास्त दुखेल. मला वाटलं, ही आमची आईच! नारळाच्या तेलाचा वास आला मला बसमध्ये. बऱ्याच पानांनी कळलं, ही अमेरिकेतली काळी माणसं आहेत. पण तोवर उशीर झाला होता. नातं लागून गेलं होतं."

कंडक्टर 'धार, धार' ओरडला असणार. यांना ऐकूच गेलं नाही. मान वर केली तेव्हा बस धारच्या पुढच्या मनावर गावाला उभी होती आणि परतीची बस सकाळी होती. कंडक्टरनं त्यांना आपल्या बहिणीकडे सोडलं. तिच्या ओसरीवर बसून जिजींनी उरलेलं पुस्तक तिला मालवीत सांगून संपवलं. दुसऱ्या दिवशी धारच्या स्टँडवर वडील काळजीनं काळवंडून उभे.

"अप्पा म्हणाले, कुठं होतीस? मी म्हटलं, अमेरिकेत."

यावर जिजी दरवेळी नव्यानं हसायच्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, अगदी बिनआवाजाचं हसणं.

आता त्यांची पुस्तक देण्याची पद्धत सांगते, कारण सगळं तिथंच अडलं.

हळदीकुंकवाचं वाण सोडलं, तर जिजी पुस्तक असंच देत नसत. आधी समोर बसवत. घरी कोण कोण, वडील काय करतात, झोप लागते का, कशाची भीती वाटते, असं विचारत. वैद्य नाडी बघतो तसं. मग डोळे मिटून थोडं थांबत आणि उठून बरोबर एक पुस्तक काढत. नवऱ्याशी न पटणाऱ्या बाईला तसं पुस्तक, भावाच्या आजारानं थकलेल्या मुलीला तसं. लोक सांगत की लागू पडतं. जिजींना याचा थोडा अभिमानही होता. "माणूस बघून पुस्तक द्यावं. चप्पल तरी मापाशिवाय घेतो का आपण?" असं म्हणायच्या.

माझी नाडी बघायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांनी मला एका मुलीनं आपल्या आईवर लिहिलेलं पुस्तक दिलं. आई गोऱ्यांच्या घरी भांडी घासते, कपडे धुते. मी ते मोबाइलवर अर्थ बघत, एकेक पान करत वाचू लागले. इंग्रजी हळूहळू उलगडायला लागलं, ते खरं. पण आमची एकच खोली. आई कामावरून यायची, साबणानं पांढरी पडून सुरकुतलेली बोटं पदराला पुसत शेजारी बसायची आणि विचारायची, "काय लिहिलं आहे त्यात?"

मी म्हणायची, "काही नाही, अशीच एक गोष्ट आहे."

तिला काय सांगणार? की यातली आईसुद्धा आत्ताच भांडी घासून आली आहे?

ते पूर्ण व्हायच्या आधीच जिजींनी दुसरं देऊन ठेवलं. शाळा सोडून शेतात जाणाऱ्या मुलीचं. मग तिसरं, त्यात तर घरच जळतं. पुस्तकं चांगली होती. आता मला कळतं की फार चांगली होती. पण तेव्हा मी वाचून आणखी थकायची. मनात यायचं, त्या मुलींनी पण शेवटी कामच धरलं, मग मी कोण मोठी लागून गेले? मामांना हो म्हणून टाकावं.

शनिवारी जिजींकडे पुस्तकासाठी येणाऱ्यांत अन्वी नावाची माझ्याच वर्गातली मुलगी होती. डॉक्टरांची मुलगी. तिला जिजींनी जमैकाच्या माईचं पुस्तक दिलं होतं, आणि ती ते वाचून इतकी हसायची की तास घेणाऱ्या मॅडमनी तिला वर्गाबाहेर काढलं. तीन म्हाताऱ्या बहिणी, एकाच घरात राहतात, पण घरातला कोंबडा कुणाचा यावरून वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. जे बोलायचं ते त्या कोंबड्याला सांगतात. 'कोंबड्या, सांग तिला, मीठ संपलंय.' 'कोंबड्या, तिला म्हणावं, मीठ संपवणारं तोंड कुणाचं आहे?' अन्वीनं मला एवढंच सांगितलं आणि मला ते पुस्तक हवं झालं. मला आयुष्यात दुकानातली बाहुलीसुद्धा इतकी हवी झाली नव्हती.

होळीच्या आधीच्या शनिवारी मी तिन्ही पुस्तकं घेऊन जिजींकडे गेले. ठरवून गेले होते की आज परत करायची आणि पुन्हा यायचं नाही. अन्वी आलेली नव्हती. जिजी एकट्याच निवडत बसल्या होत्या, गव्हातले खडे. मी पुस्तकं ठेवली आणि तोंडातून भलतंच निघालं.

"जिजी, मला ते कोंबड्याचं द्या ना."

"ते?" त्या हसल्या. "ते हलकं आहे गं. अन्वीला ठीक. तुझ्यासाठी नाही ते."

"का?"

 मला वाटतं, असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मी मोठ्या माणसांसमोर बोलणारी मुलगी नाही. अर्ध्यात हिंदी यायला लागली. पण म्हटलं, "घरी आई भांडी घासते. पुस्तक उघडते तर त्यातही आई भांडीच घासते. मी घरातून पुस्तकात जाते, जिजी, तर तिथंही आमचंच घर. मी जाऊ कुठं? अन्वीला बेटावर पाठवता, मला का नाही पाठवत?"

जिजींच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मला वाटलं, आता रागावतील. त्या उठल्या, कोपऱ्यातली छत्री घेतली, चपला घातल्या.

"बस इथंच," म्हणाल्या आणि भर दुपारी निघून गेल्या.

मी त्या भिंतभर पुस्तकांसमोर बसून राहिले. काय करावं कळेना म्हणून राहिलेले गहू निवडले. बऱ्याच वेळानं जिजी परत आल्या. घामानं डबडबलेल्या, हातात कोंबड्याचं पुस्तक आणि मागे अन्वी, केस अर्धे विंचरलेले, धावत.

"मॅडम, असं काय करता! माझं शेवटचं राहिलंय! तुम्हीच तर म्हणता, वाचूनच आण!"

"आज नियम मोडला," जिजी म्हणाल्या. "दे तिला."

"कोंबडा मरतो का, ते तरी सांगा!"

"मी नाही सांगणार. रूपा वाचेल आणि तुला सांगेल."

अन्वीनं माझा दंड धरला. "ए, लवकर वाच हां! प्लीज! सोमवारी सांग."

मला आठवतं, मी घरी पळतच गेले. माझ्या वाचण्यावर कुणीतरी अडून बसलंय, असं आजवर कधी झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी आमच्या सामाईक अंगणात बसून आईला ते वाचून दाखवलं. जिजींसारखंच. एक वाक्य इंग्रजी, मग आपलं. आई भाकरीचं पीठ मळता मळता ऐकत होती. आता हे सांगायला हवं की अंगणाच्या पलीकडच्या खोलीत माझे काका-काकू राहतात, आणि नळाच्या पाइपवरून आईचं आणि काकूचं बोलणं दिवाळीपासून बंद होतं. काकू आपल्या दारात लसूण सोलत बसली होती, आमच्याकडे पाठ करून. कोंबडा आणि मिठाची गोष्ट आली तशी आई हसायला लागली. पिठाचा हात कपाळाला लागला तरी थांबेना. आणि मला दिसलं की काकूची पाठ हलतेय.

दुसऱ्या दिवशीही वाचलं. काकूनं पाट थोडा अलीकडे सरकवला होता.

सोमवारी सकाळी नळ आला तेव्हा आई आत होती. काकू अंगणात बाबांच्या ऑटोजवळ उभी राहिली आणि ऑटोला म्हणाली, "ए गाडी, सांग तिला, पाणी येऊन राहिलं आहे."

 आतून आईचा आवाज. "गाडी, तिला म्हणावं, आधी आपला ड्रम भर. माझी घाई नाही."

बाबा बिचारे ऑटोत बसले होते. त्यांना काही समजेना. "मला काय हॉर्न वाजवायचा आहे का?" म्हणाले.

कॉलेजच्या फाटकात अन्वी उभीच होती. "मेला?" मी शेवट सांगायला सुरुवात केली. तिच्यासोबत आणखी मुली होत्या, त्यांना आधीचं माहीत नव्हतं, म्हणून मला पहिल्यापासून सांगावं लागलं. हिंदीत, मध्येच मालवीत, कोंबड्याच्या जागी आवाज काढून. मी संपवलं तेव्हा तास सुरू होऊन गेला होता. कॉलेजात मी पहिल्यांदा इतकं बोलले ते त्या दिवशी. कोंबड्याचं काय झालं ते मी इथं सांगत नाही. जिजींना ते आवडायचं नाही.

होळीला मामांचा फोन आला. आईनं घेतला. मी दाराआड उभी होते. अजून मी तिला काही बोललेच नव्हते, पण तिनं कधीच ओळखलं असणार.

"नाही रे दादा," आई म्हणाली, "आत्ता नाही पाठवत. तिची वाचायची खूप बाकी आहेत. आम्हालाही ऐकायची आहेत."

पुढच्या शनिवारी जिजींकडे गेले तर भिंत रिकामी आणि सगळी पुस्तकं जमिनीवर. मधे जिजी, पदर खोचून. मला बघून म्हणाल्या, "ये. तुझ्यामुळे चाललंय हे." पण आवाजात राग नव्हता.

"मी पुस्तकं औषधासारखी देत आलें गं. ज्याला जे दुखतं त्याची पुडी. तुझ्याकडे बघितलं आणि मला सुमनचे हात दिसले, तू दिसलीच नाहीस." एक पुस्तक उचलून धूळ झटकली. "आणि ह्यांचंही तेच केलं मी. ही आमची माणसं काय नुसती रडायला जन्मली? ती नाचतात, लग्नं मोडतात, तारे मोजतात, खोटं बोलून पकडली जातात. ते सगळं मी हलकं म्हणून वरच्या फळीला टाकलं होतं. नातेवाईक म्हणवायचं, आणि फक्त सुतकाला जायचं!"

 मग म्हणाल्या, "चहा टाक."

त्या दिवसापासून नाडी बघणं बंद झालं. जिजींनी नवी पद्धत काढली, ती आमच्याकडच्या नमकीनच्या दुकानातली. तिथं शेव घ्यायला गेलं की दुकानदार आधी प्रत्येक बरणीतली चिमूट हातावर ठेवतो, चाखा म्हणतो. तसं जिजी आलेल्या माणसासमोर पाच-सहा पुस्तकं ठेवायच्या, हसरं, रडकं, तिखट, सगळं मिसळून. प्रत्येकाचं एकेक पान वाचायच्या. "चाख. आवडेल ते ने. मला कारण सांगू नकोस." पुढच्या संक्रांतीला वाण असंच दिलं. बायका सतरंजीवर बसून पुस्तकं चाखत होत्या, आणि शिंदेबाई खुनाच्या तपासाचं पुस्तक घेऊन गेल्या, ज्यांच्याबद्दल कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं. काकूसुद्धा आली होती. कपबश्या त्या वर्षी सगळ्यांनी मिळून धुतल्या, कारण आई उठायलाच तयार नव्हती. तिची चव बघणं चालू होतं.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मी स्वतःहून ते आईवरचं पुस्तक मागून घेतलं. जिजींनी फक्त विचारलं, "नक्की?" या वेळी मी ते अंगणात मोठ्यानं वाचलं, भांड्यांसकट. आई लक्ष देऊन ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "हे तिच्या मुलीनं लिहिलं?"

"हो."

"चांगलं लिहिलं. पण आईनं कुणाशी भांडण केलं, ते कमी लिहिलं. इतक्या घरी काम करते आणि भांडत नाही, असं होतं का?" मग भाकरी उलटत म्हणाली, "तू कधी लिहिलं तर नुसते हात नको लिहू माझे. भांडणं पण लिही."

मी लिहितेय, आई. आत्ता इथं थोडंच आलंय.

नोकरी संपल्यावर जिजी धारला भावाच्या घरी राहायला गेल्या. पुस्तकांचा टेम्पो बाबांच्याच ओळखीचा होता. 'नातेवाइकांना सांभाळून न्या हो,' असं टेम्पोवाल्याला सांगताना मी त्यांना पाहिलं. धारला जाऊनही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. आठवड्यातून एकदा मनावरला मुलींच्या वसतिगृहात जातात, पिशवीत पुस्तकं घेऊन, चाखायला द्यायला. मी आता एम.ए. करते आणि सकाळी एका लहान शाळेत शिकवते. पहिल्या पगारातून मी एक पुस्तक मागवलं. घानाच्या एका तरुण लेखिकेचं आहे. जिजींकडे ते नव्हतं, मी विचारून घेतलं होतं. मला ते इतकं आवडलं की मी सुट्टीच्या दिवशी ते घेऊन धारला गेले.

त्या निघण्याच्याच तयारीत होत्या, मनावरचा दिवस होता. मी त्यांच्यासोबत स्टँडवर गेले. थोड्या वाकल्यात आता. घड्याळ तेच. बसमध्ये खिडकीची जागा धरून त्यांना बसवलं आणि पुस्तक हातात दिलं. आत कडुनिंबाचं पान मी घालूनच आणलं होतं.

त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत खट्याळपणा होता.

"माझ्यासाठी हेच कां निवडलंस गं? माझं काय दुखतं असं वाटलं तुला?"

"तुमच्यासाठी नाही निवडलं, जिजी. मला आवडलं म्हणून आणलं."

 त्यांनी हात माझ्या गालावर ठेवला. मग लेखिकेचं नाव वाचलं, मागच्या कव्हरवरचा तिचा फोटो बघितला, आणि त्यांना शोभेल तसंच म्हणाल्या, "वयानं लहान दिसते. भाची म्हणू या हिला."

ड्रायव्हर चढला. मी खाली उतरले. कंडक्टर दारात लटकून 'मनावर, मनावर' ओरडत होता. मी त्याला गाठून म्हटलं, "भिया, इन जिजी को मनावर में हाथ लगाकर उतार देना. आवाज देने से नहीं उतरेंगी."

त्यानं वाकून आत बघितलं आणि हसला. "म्हारे को मालूम है, दीदी. पहले भी आगे निकल चुकी हैं."

बस हलली. मी खिडकीखाली उभी राहून हात वर केला, हलवला. जिजींनी बघितलं नाही. मी आणखी थोडं बसबरोबर चालले, जोरात हलवला. त्यांची मान पुस्तकात खाली होती. पदर तोंडाला गेला होता आणि खांदे हलत होते.